टेलरमावशींची वीत

आयुष्यात मी भल्याभल्यांसमोर उभा राहिलोय. शाळेत हेडमास्तरांसमोर, दवाखान्यात सर्जनसमोर, लग्नाआधी होणाऱ्या सासऱ्यांसमोर. पण टेलरमावशींच्या दुकानाच्या उंबऱ्यात ज्या नजरेनं मला टाळूपासून टाचेपर्यंत सोललं, तिच्यापुढे ते तिघंही आंधळेच म्हणायचे. मी पँट शिवायला टाकायला गेलो होतो. आत शिरताना मला वाटत होतं की मी एक बऱ्यापैकी देखणा, मध्यमवयीन गृहस्थ आहे. तीन मिनिटांत माझे सगळे गैरसमज दूर झाले.

"पोट सोडा," मावशी म्हणाल्या. हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य.

"सोडलंय की."

"खोटं. आत ओढून धरलंय. सोडा. इथं सगळेच धरतात, मग पँट घेऊन गेले की दुसऱ्या दिवशी भांडायला येतात."

मी सोडलं. काय सांगू, धरणाचे दरवाजे उघडल्यासारखं झालं. आणि त्याच क्षणी गरुडानं सशावर झडप घालावी तसा त्यांचा उजवा हात माझ्या कमरेवर आला. अंगठा आणि करंगळी दोन दिशांना ताणलेली, मधली बोटं कपाळावरच्या आठ्यांसारखी आखडलेली. तो हात माझ्या पोटाला सुरवंटासारखा चालत चालत प्रदक्षिणा घालू लागला आणि मावशी मोठ्यांदा मोजू लागल्या. "एक... दोन... तीन... चार... साडेचार!" शेवटचा आकडा त्यांनी असा ठणकावून सांगितला की समोरच्या स्टेशनरीवाल्यानं गल्ल्यावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो माझं अभिनंदन करत होता की सांत्वन, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

"तुमच्याकडे टेप नाही का?" मी विचारलं.

शिलाई मशीन चालवणारी मुलगी थांबली. मला वाटतं, रस्त्यावरची वाहतूकही थांबली असावी.

"टेप?" मावशी म्हणाल्या. "टेप ताणते. टेप झिजते. टेप उंदीर कुरतडतात. हा हात चाळीस वर्षांत एकाही उंदरानं कुरतडलेला नाही." आणि त्यांनी टेबलावरची लोखंडी पट्टी पुढे ओढून तिच्यावर वीत टेकवली. बरोब्बर आठ इंच. दोराभर जास्त नाही, दोराभर कमी नाही.

मावशी गल्लीत फक्त पुरुषांचे कपडे शिवत. त्यांच्याकडे एक जाड पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात इंच नावाची वस्तूच नव्हती. सगळी मापं वितीत, आणि बारीकसारीक उरलंसुरलं बोटांत. गिऱ्हाइकांची खरी नावंही नव्हती. कुणाला विचारून लिहायची त्यांना गरजच वाटत नसे. दातांच्या डॉक्टरांच्या पानावर लिहिलं होतं 'दातवाले'. बँकेतल्या कारकुनाच्या पानावर 'वाकडा खांदा'. माझ्या पानावर, हे मला फार उशिरा आणि फार जाहीरपणे कळलं, 'खोटं पोट'.

त्यांचा एक नियम होता. माणूस एकदाच मोजायचा. पुढे जन्मभर त्याचे कपडे वहीतल्या मापावरूनच बेतायचे. कुणी सुटलं, कुणी वाळलं, तर ते त्या नुसत्या नजरेनं ओळखत आणि एखाद-दुसरं बोट वाढवत किंवा काढून घेत. पण विती तेवढ्याच. "पुन्हा मोजायला लागलं म्हणजे पहिल्यांदा चुकलं," त्या म्हणत. आणि चुकत नसत, हे मला शपथेवर सांगता येईल. पुढे सांगावंही लागलं. त्यांनी शिवलेली पहिली पँट घालून मी घरी गेलो, तेव्हा बायकोनं मला तीनदा फिरून दाखवायला लावलं. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर तिनं माझ्याकडे इतकं निरखून पाहायचं दुसरं काही कारण नव्हतं.

या बाईंना जगात एकच माणूस भीत नव्हता. त्यांची सून.

सूनबाई वकील. सात वर्षांपूर्वी ती या घरात आली ती स्वतःच्या लग्नात दुकानातून विकत घेतलेले तयार कपडे घालून. मावशींनी मांडवातच तिच्या खांद्यावरची शिवण पाहिली आणि तोंड फिरवलं. सूनबाईनं ते फिरवलेलं तोंड पाहिलं आणि आपलंही फिरवलं. तेव्हापासून दोघी एकाच स्वयंपाकघरात स्वयंपाक करत, एकाच टेबलावर जेवत आणि एकमेकींशी मुलाच्या मार्फत बोलत. "तिला सांग, मीठ इकडे दे." "त्यांना सांग, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय." मुलगा बिचारा पोस्टात नोकरीला होता. घरी येऊनही त्याची बटवड्यातून सुटका नव्हती.

तर ती दुपार. मावशींचं दुकान उतारावर आहे. रस्ता वरच्या चौकातून खाली येतो आणि त्यांच्या दारासमोरून वळतो. दातांचे डॉक्टर त्यांची नवी तपकिरी पँट न्यायला आले होते. त्यांनी गाडी वर उतारावर लावली, फोनवर बोलत बोलत उतरले आणि बोलत बोलतच आधी स्टेशनरीच्या दुकानात शिरले. मावशी तीच पँट घेऊन दारात उभ्या होत्या आणि उन्हात धरून इस्त्रीची घडी तपासत होत्या. मी आत बाकावर बसलो होतो.

गाडी निघाली. तिच्यात कुणीही नव्हतं. इंजिन बंद, आवाज नाही. म्हातारा माणूस जिना उतरतो तशी ती मागच्या मागे, जपून, एकेक पायरी टाकत आल्यासारखी आली. मी ओरडलो. मावशींनी वळून पाहिलं, आणि त्यांनी काय केलं असेल? त्यांनी आधी पँट आत फेकली. घडी न मोडता, थेट टेबलावर. मग त्या स्वतः बाजूला झाल्या. अंग बाजूला आलं, उजवा हात मागे राहिला. गाडीच्या मागच्या बंपरनं तो दाराच्या चौकटीवर दाबला.

दातांचे डॉक्टर धावत आले. "अहो, माझी गाडी!" हे त्यांचं पहिलं वाक्य. मावशी दिसल्यावर दुसरं आलं, "अरे, ही तर आपोआप आली!"

मी आणि स्टेशनरीवाल्यानं मिळून ती गाडी हातानं ढकलून वर सरकवली. बाळाची गाडी सरकावी तशी सरकली. तेव्हा आम्ही त्याचा विचार केला नाही. मावशी पायरीवर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. चेहरा पांढराफटक, पण जीभ शाबूत. "पँटला डाग पडला का बघा," त्या म्हणाल्या.

अंगठ्याच्या मुळाशी दोन हाडं मोडली होती. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा हाडांचे डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता काही काळजी नाही. दातवाले एकदाही बघायला आले नाहीत. पँट मात्र माणूस पाठवून घेऊन गेले.

मावशींनी दुकान उघडलं त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक मी. आठवड्यानं पँट मिळाली. घरी जाऊन घातली, आणि तसाच परत आलो.

"मावशी, ही आखूड झालीय."

"पाच वीत बेतलीय. वहीत पाच आहे."

"पण घोटे दिसतायत माझे, आणि पोट ओढून धरल्याशिवाय बटणही लागत नाही."

मावशींनी माझे घोटे पाहिले. त्यांना ते आवडले नसावेत. "तुम्ही वाढलात."

"बावन्नाव्या वर्षी?"

"काहींचं उशिरा होतं."

मी घरी गेलो. बायकोनं भिंतीला टेकवून उंची मोजली. "उंची आहे तेवढीच आहे," ती म्हणाली. "अकलेचं मला विचारू नकोस."

पुढच्या चार महिन्यांत आमच्या गल्लीतली निम्मी पुरुषमंडळी अचानक वयात आल्यासारखी दिसू लागली. स्टेशनरीवाल्याच्या बाह्या मनगट सोडून वर पळाल्या. बँकेतल्या कारकुनाचा शर्ट पँटीत राहीना. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमच्या पायांनी कधीच पसरून घेतलं होतं आणि पँटच हात वर करून बसली होती. आणि नवल म्हणजे, नव्यानं येणाऱ्या गिऱ्हाइकांचे कपडे मात्र अंगाला साच्यात ओतल्यासारखे बसत. मावशी तेच आमच्या तोंडावर मारत. "त्यांचं बसतं, तुमचंच का बसत नाही? मीच बेतलंय ना दोन्ही? तुम्ही जुने लोकच बिघडलात!"

पण जुने लोक हळूहळू येईनासे झाले. कुणी भांडलं नाही. दुसरीकडे जाऊ लागले, आणि मावशींच्या दारावरून जाताना मान खाली घालू लागले. शिवाय मोठी कात्री तासाभरापेक्षा जास्त वेळ हातात टिकेना, पण हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी तिसऱ्यांदा आखूड पँट घेऊन गेलो तेव्हा त्या भडकल्या. "माझ्या हातात खोट काढता? हे टेबल बघा. हे टेबल सहा वीत. दुकान थाटलं त्या दिवशी मोजलंय. बघा!" आणि त्यांनी टेबलाच्या कडेला वीत लावली. "एक... दोन... तीन... चार... पाच... सहा."

सहा झाल्या, आणि टेबल संपलं नाही. सहा बोटं टेबल पुढे उरलंच होतं.

त्यांनी पुन्हा मोजलं. या वेळी मनात. पुन्हा सहा बोटं उरलं. मग त्यांनी लोखंडी पट्टी ओढली, तिच्यावर हात टेकवला आणि डाव्या हातानं अंगठा दाबून दाबून पाहिला. तो सव्वासातच्या पुढे जाईना.

"माणसं वाढतील," त्या म्हणाल्या. "टेबल कसं वाढेल?"

मी म्हणालो, "पाऊण इंचानं काय होतंय मावशी," आणि बोलता बोलताच कळलं की याहून मूर्ख वाक्य मला त्या दिवशी सापडलं नसतं.

दोन दिवस दुकान बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी उघडलं, मी चौकशीला गेलो, आणि पाठोपाठ सूनबाई आत आली. सात वर्षांत पहिल्यांदा. मुलगा पोस्टात असल्यामुळे बटवडा माझ्याकडे आला.

"काका, यांना सांगा, दातवाल्यांवर दावा लावायचाय."

"हिला सांगा, मला कुणाची भीक नकोय."

"यांना सांगा, भीक मागायला कोर्टफी भरावी लागत नाही."

मी एकीकडून दुसरीकडे मान फिरवत होतो. तेवढ्यात मावशी सरळ तिच्याकडे बघून म्हणाल्या, "मला पैशाचं सांगू नकोस. माझा हात चोख होता, असं लिहून मिळेल का? शिक्क्यानिशी? गल्लीत सगळ्यांना वाटतंय की म्हातारीला आता दिसत नाही, मोजता येत नाही."

"मिळेल," सूनबाईही सरळ म्हणाली. "पण मी सांगेन तसं वागावं लागेल."

"आणि तू माझं ऐकशील?"

"कोर्टात नाही."

"घरी?"

"घरीही नाही."

"खरं बोलते," मावशी मला म्हणाल्या, आणि त्यांनी वही काढून सुनेला चाळायला दिली.

खटला उभा राहिला. दातवाल्यांनी जो वकील दिला, त्याला देवानं बाकी सगळं बेताचं दिलं होतं आणि उरलेलं सगळं आवाजात ओतलं होतं. तो नुसता 'सन्माननीय न्यायालय' म्हणाला तरी खिडकीवरची पाखरं उडत. त्याचं म्हणणं असं, की गाडी ब्रेकच्या बिघाडामुळे आली, तिथं कुणाचाच निष्काळजीपणा नाही.

मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. सूनबाईनं थेट विचारलं. "गाडी तुम्ही कशी सरकवली?"

"ढकलून. मी आणि स्टेशनरीवाल्यानं."

"आधी कुणी आत बसून हँडब्रेक काढला का?"

"नाही. दार कुणी उघडलंच नाही. डॉक्टरसाहेब फोनवर होते."

आवाजवाले उठले. "दोन धडधाकट पुरुष ब्रेक लावलेली गाडीही ढकलू शकतात! तुम्ही चांगले बलवान दिसता."

"साहेब," मी म्हणालो, "आमच्या घरी बरणीचं झाकण बायको उघडते."

न्यायाधीश बाईंनी रुमाल तोंडाला लावला. मग सूनबाईनं गॅरेजचा कागद पुढे केला. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी गाडी डेंट काढायला गेली होती, आणि तपासणीत ब्रेक उत्तम असल्याचं मेकॅनिकनं लिहून दिलं होतं. ब्रेक उत्तम, म्हणजे लावलाच नव्हता. दातवाल्यांनी खाली पाहिलं. तो मुद्दा तिथंच संपला.

पण आवाज संपला नव्हता. "ठीक आहे. पण इजा कुठे आहे? हाड जुळलंय. बाई म्हणतात वीत लहान झाली. अंगठा ताणायचा नाही असं ठरवलं की कुणाचीही वीत लहान होते! हात उघडा, बाई. आणखी. आणखी!"

"होत नाही."

"होत नाही, की करायचं नाही?" आणि मग तो कोर्टाकडे वळून म्हणाला, "कपडे आखूड होतात म्हणे. सन्माननीय न्यायालय, ज्या बाई टेप वापरत नाहीत त्यांचे कपडे पहिल्यापासूनच बिघडत असणार. गाडीचा काय दोष? यांना बेतताच येत नव्हतं!"

मावशी उभ्या राहिल्या. त्यांची नजर त्याच्यावर फिरली, आणि मला तो माणूस उभ्या उभ्या बेतला जाताना दिसला. सूनबाईनं त्यांच्या मनगटाला हात लावला आणि त्या बसल्या. घरी जाताना मावशी मला म्हणाल्या, "हात मोडला तेव्हा एवढं दुखलं नव्हतं."

पुढची तारीख महिन्याभरानं होती. त्या दिवशी आवाजवाले आले ते नवाकोरा काळा कोट घालून. आणि सुरुवातच त्यांनी तिथून केली.

"सन्माननीय न्यायालय, माझ्या अंगावरचा हा कोट पाहावा. हा मी गेल्या महिन्यात खुद्द वादीबाईंकडे माप देऊन शिवून घेतला आहे. त्यांनी स्वतः मोजला, स्वतः बेतला. कुठे आखूड आहे? खांदा पाहावा! पाठ पाहावी!" असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरून एक संपूर्ण गिरकी घेतली.

खोटं कशाला बोलू, कोट अप्रतिम होता. त्या माणसाला पहिल्यांदाच खांदे असल्यासारखे वाटत होते. आता संपलं, मी म्हटलं.

"वकीलसाहेब," न्यायाधीश बाई म्हणाल्या, "तुम्ही इथं वकील म्हणून उभे आहात की पुरावा म्हणून?"

"माझी हरकत नाही," सूनबाई पटकन म्हणाली. "उलट विनंती आहे, कोट पुराव्यात घ्यावा." आणि तिनं पिशवीतून दोन गोष्टी काढल्या. एक मावशींची वही. दुसरी कोरी करकरीत टेप. टेप पाहून मावशींनी भिंतीकडे तोंड केलं.

कोर्टाच्या कारकुनानं वहीतलं शेवटचं पान वाचलं. "नाव... 'आवाज'. कोटाची उंची, चार वीत." कोर्टात हशा पिकला. आवाजवाले गोरेमोरे झाले. कारकुनानं कॉलरपासून खालपर्यंत टेप लावली. "एकोणतीस इंच."

"चार वितींचे एकोणतीस," सूनबाई म्हणाली. "म्हणजे एक वीत सव्वासात. आता प्रतिवादींना पिंजऱ्यात येण्याची विनंती आहे."

दातवाले आले. तपकिरी पँट घालून.

"ही पँट कुणी शिवली?"

"यांनीच."

"कधी?"

"ती... त्याच दिवशी न्यायची होती."

"म्हणजे अपघाताच्या आधी बेतलेली. इतक्या पँटी असताना आज हीच का घातली?"

दातवाल्यांनी आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकील आपल्या कोटाकडे पाहत होता. "ही बरी बसते," दातवाले पुटपुटले.

"मोठ्यांदा सांगा."

"हिच्यासारखी दुसरी बसत नाही!"

मावशींनी भिंतीवरून तोंड वळवलं.

"'दातवाले'," कारकुनानं वाचलं, "उंची पाच वीत." टेप लावली. "चाळीस इंच."

"पाच वितींचे चाळीस. एक वीत आठ." सूनबाईचा आवाज आवाजवाल्यांच्या पावपटही नव्हता, पण पाखरं खिडकीवर बसून ऐकत होती. "माप घेताना आणि बेतताना एकच हात असला, तर वीत लहान असो की मोठी, कपडा बसतोच. म्हणून अपघाताआधी मोजून अपघाताआधीच बेतलेली ही पँट बसते. म्हणूनच अपघातानंतर मोजून अपघातानंतर बेतलेला वकीलसाहेबांचा कोटही बसतो. बिघडतात फक्त जुन्या गिऱ्हाइकांचे कपडे, कारण ते मोजले आठाच्या हातानं आणि बेतले सव्वासातच्या हातानं. दावा लावायच्या आधी चार महिने ही बाई स्वतःची गिऱ्हाइकं घालवत होती. नाटक करणारा माणूस असं नाटक करत नाही. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं."

"हा योगायोग आहे!" आवाजवाले गरजले.

न्यायाधीश बाईंनी कागद ओढला होता. "थांबा. जुनं गिऱ्हाईक, पाच वितींचं, कुणी आहे का इथं? अपघातानंतर शिवलेली पँट घालून आलेलं?"

सूनबाईनं मला मुद्दाम ती पँट घालून यायला का सांगितलं होतं, ते आता कळलं. कारकुनानं वही चाळली आणि भर कोर्टात खणखणीत विचारलं, "'खोटं पोट' हजर आहेत का?"

मी उठलो. मागच्या बाकावर बायको होती. तिच्या हसण्याचा आवाज मी अजून झोपेत ऐकतो.

"मोजू नका," न्यायाधीश बाई म्हणाल्या. त्यांनी कागदावर सव्वासात पाच वेळा मांडले आणि बेरीज केली. "सव्वाछत्तीस यायला हवेत. आता मोजा."

कारकून वाकला. कमरेपासून टेप सोडली, माझ्या जगजाहीर घोट्याच्या बऱ्याच वर थांबला, डोळे बारीक केले, पुन्हा एकदा पाहिलं.

"सव्वाछत्तीस!"

कोर्टात टाळ्या वाजवायला बंदी असते. स्टेशनरीवाल्याला हे माहीत नव्हतं. त्याच्यामागे गल्लीतले दहा-बारा जण होते, सगळे आखूड बाह्यांचे, त्यांनाही माहीत नव्हतं. न्यायाधीश बाईंनी हातोडा उचलला खरा, पण आपटायला त्यांना जरा उशीरच झाला. "वकीलसाहेब," टाळ्या थांबल्यावर त्या म्हणाल्या, "तुमचा कोट योगायोगानं बसलाय का?"

बाहेर व्हरांड्यात सूनबाईनं सासूला गाठलं. "तो कोट शिवायला आला तेव्हा तुम्ही त्याला ओळखलं नाहीत?"

"न ओळखायला काय झालं? महिन्याभरापूर्वी याच माणसानं मला चारचौघांत नालायक ठरवलं होतं."

"मग मला सांगितलं का नाही? आणि असला कोट का शिवलात? जरा बिघडवला असतात तर?"

"बिघडवला असता तर त्याचं म्हणणं खरं झालं असतं," मावशी म्हणाल्या. "आणि तुला कशाला सांगायचं? तू म्हणाली असतीस, शिवू नका. गिऱ्हाईक होतं ते."

सूनबाईनं सात वर्षांत पहिल्यांदा सासूसमोर मान डोलावली. मी साक्षीदार आहे.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. हँडब्रेक न लावणं हा निष्काळजीपणा, हाताला झालेली इजा कायमची, भरपाई मंजूर. न्यायाधीश बाई वाचत होत्या, मावशी ताठ बसल्या होत्या, भरपाईच्या आकड्याला त्यांनी पापणीही हलवली नाही. मग ते वाक्य आलं. 'वादीचा हात अपघातापूर्वी मापाला अचूक होता, हे निःसंशय सिद्ध झाले आहे.'

मावशी उठून उभ्या राहिल्या. "बाई, तेवढं एकदा पुन्हा वाचता का?"

कोर्टात असं कुणी विचारत नाही. न्यायाधीश बाईंनी चष्मा वर सरकवला, आणि पुन्हा वाचलं. सावकाश, 'अचूक'वर थोडं थांबून.

त्या दिवशी आम्ही उतारावरून खाली आलो ते सगळे मिळून, मावशी मध्ये, आणि त्यांच्या हातात निकालाची प्रत. स्टेशनरीवाल्यानं तिथल्या तिथं फुकट लॅमिनेट करून दिली. ती दुकानात अशी लावली की माप देणाऱ्याला समोरच दिसावी. आठवड्याभरात वाकडा खांदा परत आला. मग त्याच्या मागून सगळेच आले. मावशींनी नवी वही घातली आणि आपला नियम मोडून अख्खी गल्ली पुन्हा मोजली. माझी कमर मोठ्या आवाजात पाच वितींवर गेली. मी सुटलो नव्हतो, वीत आखडली होती, पण हे ऐकायला समोरच्या दुकानात कुणाला वेळ होता?

दातवालेही आले. दारात घुटमळले, चौकटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चुकलं माझं, मावशी."

"गाडी कुठे लावलीत?"

"घरी ठेवून आलोय. चालत आलो."

"मग या आत. पोट सोडा."

सगळ्यात शेवटी सूनबाई आली. कोर्टात घालायचा काळा कोट शिवायचा होता. मावशींनी चाळीस वर्षांत बायकांचा एकही कपडा शिवला नव्हता. त्यांनी तिच्या खांद्यावरची शिवण पाहिली, या वेळी तोंड न फिरवता, आणि मग सुनेच्या पाठीवर त्यांनी तो हात ठेवला. हळूच, पहिल्यांदा.

"श्वास सोड."

"सोडलाय."

"सात वर्षं धरलायस. सोड."

कोट सुरेख झाला. कोर्टात आवाजवाल्यांनी तो पाहिला आणि लगेच आपल्यासाठी आणखी एक टाकला.

भरपाईच्या पैशातून मावशींनी वर्षभर हाताचे व्यायाम करून घेतले. अंगठा उघडला नाही. वीत अजून सव्वासात इंचच भरते.